पोलादाचा पोत

जुलै १९४३मध्ये कुर्स्कच्या लढाईत उतरलेल्या जर्मन टायगर रणगाड्यांवर झिमरिटचा लेप नव्हता. या एका साध्या माहितीपुढे कितीतरी देखणी मॉडेल्स चुकीची ठरतात. रंगाची छटा बरोबर, टरेटवरचे आकडे बरोबर, पट्ट्यांत अडकलेला चिखलसुद्धा जागच्या जागी; पण अंगभर आडव्या रेघांचा तो खडबडीत थर चढवलेला असतो. कारखान्यात हा थर द्यायला सुरुवात झाली ती लढाई संपल्यानंतर. बनवणाऱ्याने महिना-महिना खपून केलेलं काम असतं, हात कसलेला असतो. चूक पुट्टी हातात घेण्याआधीच झालेली असते.

रणगाड्याचा रंग सतत बदलतो. हिवाळ्यात त्यावर चुना फासतात, वसंतात तो धुऊन टाकतात, नवी तुकडी आली की नवी चिन्हं येतात. पृष्ठभागाचा पोत मात्र सहसा कारखान्यातच ठरतो. पोलाद ओतलं होतं की लाटलं होतं, पत्रे कशाने कापले, सांधे हाताने जोडले की यंत्राने, वरून लेप दिला की नाही, हे सगळं त्या पोतात वाचता येतं. त्यावरून कारखाना ओळखता येतो आणि पुष्कळदा वाहन कधी बनलं तेही. म्हणून मी पोताला सजावट मानत नाही. मॉडेलवरचा तो सर्वांत बोलका ऐतिहासिक पुरावा आहे, आणि पुराव्याशी जसं वागायचं तसंच त्याच्याशी वागायला हवं.

झिमरिटपासूनच सुरुवात करू, कारण मॉडेल बनवणाऱ्यांना सर्वांत जास्त भुरळ घालणारा आणि सर्वांत जास्त फसवणारा पोत हाच आहे.

१९४२च्या अखेरीस जर्मन पायदळाला एक नवा चुंबकी सुरुंग मिळाला. वजन सुमारे तीन किलो, खाली चुंबकांचे पाय, आत पोकळ शंकूभोवती भरलेलं स्फोटक. सैनिकाने धावत जाऊन तो शत्रूच्या रणगाड्याला चिकटवायचा आणि पळायचं. स्वतःच्या हाती असं अस्त्र आल्यावर जर्मनांना धास्ती वाटू लागली की उद्या शत्रूही हेच आपल्यावर उलटवेल. त्या धास्तीतून झिमरिट आलं. नाव पडलं ते लेप बनवणाऱ्या झिमर या जर्मन रासायनिक कंपनीवरून. दोस्त राष्ट्रांनी चुंबकी सुरुंगांचा रणगाड्यांविरुद्ध मोठ्या प्रमाणावर वापर कधी केलाच नाही. म्हणजे हा सगळा खटाटोप झाला तो न आलेल्या संकटासाठी.

लेपात सुमारे ४० टक्के बेरियम सल्फेट असे, २५ टक्के पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट, म्हणजे सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदातलाच चिकट घटक, १५ टक्के पिवळसर मातीचा रंग, १० टक्के झिंक सल्फाइड आणि १० टक्के लाकडाचा भुसा. यातलं काहीच चुंबकाला दूर ढकलत नाही. झिमरिट चुंबकाचा प्रभाव नाहीसा करतं हा समज चुकीचा आहे. ते फक्त अंतर वाढवतं. चुंबक आणि पोलाद यांच्यात काही मिलिमीटरचं अंतर पडलं की पकड झपाट्याने घटते. त्यातच पृष्ठभाग उंचसखल असला की चुंबकाचे पाय सपाट टेकत नाहीत आणि सुरुंग घसरून पडतो. त्या रेघांचं कारण एवढंच आहे. शोभेसाठी त्या कुणी काढल्या नव्हत्या, आणि लपण्यासाठीही नाही.

लेप हाताने दिला जाई. आधी एक पातळ हात, तो वाळला की दुसरा, आणि दुसरा ओला असतानाच दातेरी पत्र्याने त्यात रेघा ओढायच्या. मग ब्लोलॅम्पच्या ज्योतीने शेकून तो कडक करायचा. रेघांची रीत प्रत्येक कारखान्याची वेगळी. टायगरवर साधारणपणे बारीक आडव्या रेघा उभ्या पट्ट्यापट्ट्यांनी ओढलेल्या दिसतात, कारण कामगाराच्या हाताच्या पोहोचीएवढीच एक पट्टी असे. बर्लिनच्या आल्केट कारखान्यातल्या स्टुर्मगेशुट्झ या तोफगाडीवर मोठ्या चौकटी पाडलेल्या असतात. मॉडेलवाले त्याला वॅफल म्हणतात. पँथर एकाहून अधिक कारखान्यांत बनत होता, त्यामुळे पँथरचं झिमरिट असं एकच एक काही नाही. एकाच कारखान्यातल्या दोन गाड्या शेजारी ठेवल्या तरी रेघा तंतोतंत जुळत नाहीत. शेणाने सारवलेल्या अंगणात जसा सारवणाऱ्या बाईच्या हाताचा फेर ओळखू येतो, कुठे दाब जास्त, कुठे बोटं उचलून पुन्हा टेकवलेली, तसंच या लेपाचं आहे. पट्टी जिथे संपते तिथे रेघ किंचित वर-खाली होते. कोपऱ्यात हात नीट फिरलेला नसतो. बोल्टच्या भोवती लेप टाळलेला असतो. मॉडेलवर हे फेर उतरले तरच लेप खरा वाटतो.

त्या हातांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. १९४४पर्यंत जर्मन शस्त्रउद्योगात लाखो परदेशी माणसं, युद्धकैदी आणि छळछावणीतले कैदी सक्तीने राबत होते. जर्मन रणगाड्याची प्रतिकृती करणाऱ्याने हे विसरू नये. त्या पोलादाचा आणि लेपाचा इतिहास त्या माणसांचाही आहे.

आता प्रमाणाचा प्रश्न. रणगाड्यांच्या मॉडेलचं सर्वांत प्रचलित प्रमाण १/३५ आहे. हा आकडा कुठल्या शास्त्रातून आलेला नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या टामिया कंपनीने मोटरवर चालणारा पँथर काढला, तेव्हा त्याच्या पोटात बॅटरी मावली पाहिजे या हिशेबाने आकार ठरला, आणि मोजल्यावर तो सुमारे १/३५ निघाला. त्या बॅटरीने घालून दिलेल्या प्रमाणात आज सगळं जग मॉडेल्स बनवतं. खऱ्या गाडीवर झिमरिटची जाडी पाच मिलिमीटर धरली, तर १/३५मध्ये ती ०.१४ मिलिमीटर होते. रेघेची खोली त्याहूनही कमी. बाजारातल्या तयार किटवर किंवा हौसेने थापलेल्या पुट्टीवर ही जाडी अनेकदा अर्धा मिलिमीटर भरते. अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर साडेसतरा मिलिमीटरचा थर! पोताच्या कामातला सर्वांत मोठा दोष अतिरेकाचा आहे, आणि तो टाळायला कौशल्यापेक्षा संयम जास्त लागतो.

माझ्या मते या कामाला दोन भागांची इपॉक्सी पुट्टी सर्वांत चांगली. घरात नळ गळला की आपण वापरतो त्या एम-सीलच्याच जातीची, पण दाणा अगदी बारीक. दोन्ही भाग समान घेऊन मळायचे, ओल्या बोटाने प्लॅस्टिकवर इतके पातळ पसरायचे की खालचा रंग जेमतेम झाकला जावा. त्याआधी प्लॅस्टिक पॉलिश पेपरने घासून खरवडून घ्यायचं, नाहीतर वाळलेली पुट्टी पापुद्र्यासारखी सुटते. पसरल्यावर थोडा वेळ थांबायचं. लगेच रेघ ओढली तर पुट्टी पात्याबरोबर उचलली जाते, फार उशीर केला तर ठसा उमटत नाही. मग दातेरी पात्याने किंवा चपट्या स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने ठसे दाबत जायचं, पात्याला अधूनमधून पाणी लावत. एका वेळी एकच पत्रा घ्यावा. टरेटची पूर्ण बाजू एका दमात करण्याच्या नादात अर्धी पुट्टी आधीच कडक झालेली असते.

याला पर्याय आहेत. टामिया झिमरिटसाठी खास छोटी पाती विकते, रेझिनचे तयार पत्रे मिळतात, पितळेचे कोरीव पत्रे मिळतात, आणि ड्रॅगनसारख्या कंपन्यांनी साच्यातच लेप उमटवलेली किट्स काढली आहेत. पहिलंच मॉडेल करणाऱ्याने असं तयार किट जरूर घ्यावं. पण यंत्राने पाडलेल्या रेघा फार शिस्तीच्या असतात. त्यांच्यात कामगार दिसत नाही. एवढ्यासाठी मी पुट्टीच्या बाजूने आहे.

लेप कुठे नव्हता हेही तितकंच महत्त्वाचं. माथ्याच्या आडव्या पत्र्यांवर तो सहसा नसे, बाजूच्या पातळ झडपांवर सहसा नसे, फावडी-कुऱ्हाडी आणि त्यांच्या पकडींवर तर नाहीच. म्हणून किटवर अवजारं आधीच उमटवलेली असतील तर ती तासून काढावीत, लेप द्यावा आणि मग अवजारं वेगळी बसवावीत. लेपाचे तुकडे उडतात ते कडांवर, मडगार्डजवळ, गोळी लागलेल्या जागी. आणि उडतात ते रेघांच्या हिशेबाने, कोनाकोनांनी. वाळलेल्या पुट्टीखाली चाकूचं टोक घालून हलकेच उचकटलं की तसाच तुकडा निघतो. तुटलेल्या कडेवर लेपाचा पिवळसर रंग दिसायला हवा आणि उघड्या पोलादावर तांबड्या प्रायमरचा.

९ सप्टेंबर १९४४ रोजी झिमरिट बंद करण्याचा हुकूम निघाला. तोफगोळा लागला की हा लेप पेटतो अशी वदंता पसरली होती. चाचण्यांत ती खोटी ठरली, तरी लेप परत आला नाही, कारण तो वाळवण्यात कारखान्याचा मोलाचा वेळ जात होता. म्हणजे झिमरिटचं आयुष्य उणंपुरं एक वर्षाचं. मार्च १९४४पासून बनू लागलेल्या पँथरच्या जी प्रकारात सुरुवातीच्या गाड्यांवर लेप आहे, सप्टेंबरनंतरच्या गाड्यांवर नाही. डिसेंबर १९४४मधल्या आर्डेन्सच्या लढाईचा देखावा उभा करत असाल तर दोन्ही तऱ्हेच्या गाड्या शेजारी दाखवता येतील, पण प्रत्येक गाडी कधी बनली ते आधी ठरवावं लागेल. इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनचा प्रसिद्ध टायगर एप्रिल १९४३मध्ये ट्युनिशियात पकडला गेला, म्हणून त्याचं अंग कोरं आहे. फ्रान्समधल्या सोम्युरच्या संग्रहालयातल्या किंग टायगरवर मात्र हा लेप पाहता येतो.

झिमरिट वरून चढवलेलं असतं. ओतीव पोलादाचा खडबडीतपणा मात्र आतूनच येतो. वाळूच्या साच्यात पोलाद ओतलं की वाळूच्या कणांचा ठसा पृष्ठभागावर राहतो. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे पार्टिंग लाइनचा उंचवटा उमटतो. वितळलेला धातू जिथून सोडला आणि जिथे जादा धातू साठला ते रनर-रायझर नंतर कापून काढतात, त्यांचे व्रण राहतात. कोल्हापूरच्या एखाद्या फौंड्रीत नुकता साच्यातून फोडून काढलेला, अजून न घासलेला भाग ज्याने हातात घेतला आहे, त्याला हे निराळं समजावून सांगावं लागणार नाही.

सोव्हिएत टी-३४ हे याचं उत्तम उदाहरण. १९४२पासूनचे षट्कोनी टरेट बहुतेक ओतीव आहेत. युद्धाच्या घाईत ते घासून-पुसून काढायला वेळ नव्हता, म्हणून खरखरीत पृष्ठभाग, ठळक पार्टिंग लाइन आणि ज्योतीने कापलेल्या रायझरच्या जागा तशाच दिसतात. त्याच काळात स्वेर्दलोव्स्कच्या उरालमाश कारखान्यात प्रचंड प्रेसखाली जाड पत्रा दाबून टरेट घडवले जात. त्यांचे कोपरे गोलसर आणि अंग गुळगुळीत. गाडी एकच, पण एका टरेटवर वाळूचा दाणा आणि दुसऱ्यावर प्रेसची सफाई. दाबलेल्या टरेटवर ओतीव खडबड चढवलेलं मॉडेल तुम्हाला प्रदर्शनात हमखास भेटेल.

अमेरिकन शर्मनमध्ये हा भेद आणखी स्पष्ट आहे. एम४ए१ची संपूर्ण वरची काया ओतीव आणि गोलसर. एम४ए४ची पत्र्यांची, सांधे जोडून केलेली, कोनदार. टरेट मात्र दोन्हींचे ओतीव. म्हणून एम४ए४वर टरेट खरखरीत आणि खालची काया बरीचशी सपाट हवी. ओतीव भागांवर फौंड्रीची चिन्हं आणि भागाचे क्रमांक उठावाने असतात. जनरल स्टील कास्टिंग्ज या कंपनीचं ढालीतलं जी हे अक्षर पुष्कळ भागांवर सापडतं. किटच्या प्लॅस्टिकच्या चौकटीवर जी बारीक अक्षरं-आकडे उमटलेले असतात, ते धारदार पात्याने पापुद्र्यासारखे तासून, गोंदाच्या थेंबाने जागेवर चिकटवायचे, ही जुनी युक्ती इथे अजूनही सर्वांत कामाची आहे.

ओतीव पोत उमटवायला प्लॅस्टिक जोडायचा पातळ गोंद पृष्ठभागावर फिरवायचा आणि प्लॅस्टिक मऊ पडताच ताठ केसांच्या आखूड ब्रशने उभं टोचत जायचं. किंवा मिस्टर सरफेसर ५००सारखा दाट प्रायमर लावून तसंच टोचायचं. दोन्हींत खरं काम पुढे आहे: वाळल्यावर बारीक पॉलिश पेपरने उंचवटे अर्ध्याहून अधिक उतरवायचे. बोटाला जेमतेम जाणवेल आणि तिरप्या उजेडातच दिसेल इतकंच ठेवायचं. दिव्याखाली समोरून पाहून हे ठरवू नये. दिवा बाजूला, मॉडेलच्या पातळीवर धरावा. शिवाय ओतीव टरेटवरसुद्धा झाकणाच्या कडा आणि यंत्राने तासलेल्या बैठका गुळगुळीत असतात. तिथे ब्रश न्यायचा नाही. आणि पुढचे रंगाचे थर पातळच द्यावेत, कारण दाट रंगाचे दोन हात एवढी मेहनत बुजवून टाकायला पुरेसे असतात.

सांध्यांबद्दल थोडं. कीव्हच्या इलेक्ट्रिक वेल्डिंग संस्थेचे येवगेनी पातोन युद्धाच्या पहिल्याच वर्षी आपल्या संस्थेसह उरालमधल्या निझ्नी तागिलला हलले आणि तिथे टी-३४च्या कायेचे सांधे यंत्राने जोडण्याची पद्धत त्यांनी बसवली. कसलेले वेल्डर आघाडीवर गेले होते. कारखान्यात स्त्रिया आणि अल्पवयीन मुलं होती, आणि त्यांना हे यंत्र थोड्या शिक्षणात चालवता येई. त्या यंत्राचा सांधा रुंद, सलग, एकसारखा असतो. हाताने केलेला सांधा जाडजूड, खवल्याखवल्यांचा. कित्येक टी-३४वर लांब सरळ सांधे यंत्राचे आणि आडवळणाचे हाताचे, असे दोन्ही शेजारी आढळतात. मॉडेलवर यासाठी प्लॅस्टिकची काडी आचेवर धरून ताणायची, तो धागा सांध्यात बसवायचा, गोंदाने मऊ करायचा आणि पात्याच्या टोकाने खवले दाबायचे. यंत्राच्या सांध्यावर जवळजवळ दाबायचेच नाहीत. पत्र्याची कड ज्योतीने कापलेली असेल तर तिच्यावर चाकूने बारीक उभे ओरखडे द्यावेत.

आधुनिक रणगाड्यांवरचा घसरणरोधक थर सोपा आहे. अब्राम्स, लेपर्ड किंवा मेर्काव्हाच्या माथ्यावर सैनिक जिथे चालतात तिथे खरखरीत लेप असतो. इंजिनाच्या जाळ्या, पेरिस्कोप आणि हाताने धरायच्या कड्या यांवर नसतो. चिकट थरावर अतिशय बारीक पूड चाळून हे साधतं. मेर्काव्हावर तो थर डोळ्यांत भरेल इतका भरड असतो, बाकीच्यांवर बारीक.

पाहायचं कुठे? जुन्या छायाचित्रांत, आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष. मराठी वाचकाला त्यासाठी युरोप गाठायला नको. अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या नगरला, आर्मर्ड कोअरचं रणगाडा संग्रहालय १९९४पासून आहे. तिथे १९६५च्या युद्धातला पाकिस्तानी पॅटन आहे, ज्याचा टरेट ओतीव. आणि चेन्नईजवळच्या आवडी इथे बनलेला आपला विजयंता आहे, जो लाटलेल्या पत्र्यांचे सांधे जोडून केलेला. एक सावधगिरी मात्र बाळगा. उघड्यावर ठेवलेल्या गाड्यांना वर्षानुवर्षं रंगाचे हात बसतात आणि बारीक दाणा त्याखाली बुजतो, म्हणून रंग कमी साचलेल्या जागा शोधा: टरेटचा खालचा भाग, तोफेच्या बुडाजवळची खाच, झाकणाच्या कडांची आतली बाजू. ऊन तिरपं असेल अशा वेळी जा, गाडीच्या कडेला उभे राहा, पार्टिंग लाइन कुठून कुठे जाते आणि सांध्याचे खवले किती रुंद आहेत ते वहीत काढून घ्या. प्रत्येक मापाला पस्तीसने भागा, आणि मगच पुट्टीचं पाकीट उघडा.